प्रोसेसरची नळयोजना

घरगुती संगणकातील वॉटर कूलिंग ही प्रोसेसरची उष्णता पाण्यावर लादून कॅबिनेटच्या कडेपर्यंत नेण्याची आणि तिथे पंख्यांच्या हवाली करण्याची व्यवस्था आहे. प्रोसेसरवर तांब्याचा तळ असलेला छोटा पंप बसतो, त्यातून दोन रबरी नळ्या निघतात, त्या ॲल्युमिनियमच्या रेडिएटरला जाऊन मिळतात आणि रेडिएटरवर दोन पंखे फिरतात. या सगळ्यात मिळून कपभर द्रव असतो, तोही कारखान्यातच भरून सीलबंद केलेला. असा तयार संच साधारण पाच-सहा हजार रुपयांपासून मिळतो. कंपन्या त्याला ‘ऑल इन वन’ म्हणतात; दुकानदार आणि गिऱ्हाईक नुसते ‘लिक्विड’ म्हणतात. ‘लिक्विड टाकलंय’ एवढ्या दोन शब्दांत संगणकाची किंमत आणि मालकाची हौस दोन्ही कळतात.

संचात पाणी घालावे लागत नाही, आणि बहुतेक संचांत घालायचे म्हटले तरी घालता येत नाही. ठाणे जिल्ह्यातल्या शहापूर आणि मुरबाड तालुक्यांत हा खुलासा सर्वांत आधी करावा लागतो. खोके घरात येताच आईचा पहिला प्रश्न असतो, “यात पाणी रोज भरायचं का रे?” आणि वडिलांचा दुसरा, “टँकरचं चालंल का याला?”

प्रश्न अगदीच गैर नाही. १८९२ साली पूर्ण झालेले तानसा धरण शहापूर तालुक्यात आहे. भातसा धरण तिथेच आहे. मुंबईला पाणी देणाऱ्या सात तलावांचा एकूण साठा १४,४७,३६३ दशलक्ष लिटर धरला जातो आणि त्यातले ७,१७,०३७ दशलक्ष लिटर, म्हणजे जवळजवळ निम्मे, एकट्या भातशाचे असतात. मुरबाडच्या बाजूला बारवी धरण आहे. त्याचे पाणी औद्योगिक वसाहतींकडे आणि खालच्या शहरांकडे जाते. एवढे सगळे पाणी खाली गेल्यावर एप्रिलमध्ये वरच्या पाड्यांवर टँकर येतो, विहिरीत रिकामा होतो आणि विहिरीभोवती हंड्यांची रांग लागते. अशा मुलखात पाण्यावर चालणारी कोणतीही वस्तू घरात आली की तिच्याकडे संशयानेच पाहिले जाते. संगणकातले पाणी मात्र जिथून निघते तिथेच परत येते. तालुक्यातल्या फार थोड्या पाण्याला हे भाग्य लाभते.

कल्पना जुनी आहे. १९६०च्या दशकातच आयबीएमच्या मोठ्या संगणकांत पाणी खेळवले जात होते. पण त्या यंत्रांना स्वतंत्र खोली, स्वतंत्र वीज आणि पगारी माणसे होती. घरी हा उद्योग प्रथम हौशी लोकांनी केला. मोटारगाडीच्या हीटरचा रेडिएटर, माशांच्या पेटीतला पंप आणि बागेतली नळी एवढ्या सामग्रीवर त्यांनी प्रोसेसर थंड केले आणि काही वेळा कायमचे थंड केले. २००४ मध्ये ॲपलने पॉवर मॅक जी५ या संगणकात कारखान्यातूनच द्रव भरून दिला. पुढे त्यातले बरेच संगणक गळले आणि त्यामुळेच ते आज लोकांच्या लक्षात आहेत. २००९ च्या सुमारास डेन्मार्कच्या असेटेक कंपनीने घडवलेला सीलबंद संच ‘कोर्सेअर एच५०’ या नावाने बाजारात आला आणि पाण्याची हौस सामान्य गिऱ्हाइकाच्या आवाक्यात आली. तेव्हापासून नावे आणि दिव्यांचे रंग पुष्कळ झाले, आतली तऱ्हा फारशी बदललेली नाही.

रचनेच्या दृष्टीने हा संच म्हणजे गावची नळपाणी योजनाच आहे. पंपघर, जलवाहिनी, टाकी, सगळे जागच्या जागी. उद्घाटनाच्या फलकाऐवजी पंपाच्या डोक्यावर कंपनीचे बोधचिन्ह चमकते. दुखणीही तीच: मोटार जळणे, लाइन फुटणे, लाइनीत हवा धरणे आणि गाळ बसणे. फरक एवढाच की गावच्या योजनेबद्दल ग्रामसभेत जाब विचारता येतो. संगणकाच्या योजनेबद्दल जबाबदार धरायला, ती बसवून देणारा एक भाचा तेवढा असतो.

या तालुक्यांत लिक्विड घेणारे लोक तीन प्रकारचे असतात. पहिला गेम खेळणारा. त्याच्या संगणकात सर्वांत जास्त तापते ते ग्राफिक्स कार्ड. आरटीएक्स ३०६० सारखे मध्यम कार्डही १७० वॅट उष्णता ओकते. लिक्विडचा त्या कार्डाशी काडीचा संबंध नसतो. उलट रेडिएटर पुढच्या बाजूला बसवला तर प्रोसेसरची गरम हवा थेट कार्डाच्या तोंडावर जाते आणि घरातल्या एका यंत्राचे भले करताना दुसऱ्याचे वाटोळे होते. दुसरा फ्लेक्स बनवणारा. वाढदिवसाच्या फ्लेक्सवर खाली शुभेच्छुकांचे साठ चेहरे बसवताना संगणकापेक्षा त्याचेच डोके जास्त तापते. तिसरा, आणि खरा गरजू, लग्नाचे व्हिडिओ संकलित करणारा.

ठाण्याच्या ग्रामीण भागात हळदीचा कार्यक्रम लग्नाच्या तोडीस तोड असतो. बऱ्याच घरांत तर लग्न हा हळदीनंतरचा उपचार म्हणूनच उरकतो. बँजो, डीजे, नाच आणि प्रत्येक पाहुण्याचा चेहरा असे सगळे मिळून तासन्‌तासांचे चित्रण होते आणि ते वरातीची धूळ खाली बसायच्या आत हवे असते. लग्नसराई ऐन एप्रिल-मेमध्ये असते. म्हणजे ज्या महिन्यांत संगणकावर सर्वांत जास्त भार, त्याच महिन्यांत पारा चाळिशीपार, त्याच महिन्यांत विजेचा लपंडाव आणि त्याच महिन्यांत टँकर. संकलन करणाऱ्याची खोली बहुधा माळ्यावर, वर पत्रा. अशा खोलीत दुपारी दोन वाजता तीन तासांचे रेंडरिंग लावून मालक खाली ओसरीवर येऊन बसतो. संगणकाला ती सोय नसते.

खरेदीपासूनच अडचणी सुरू होतात. ऑनलाइन मागवले तर कुरिअरवाला नाक्यावरूनच फोन करतो, “इथवर या, पुढे रस्ता नाही म्हणतायत.” रस्ता असतो, त्याला यायचे नसते. दुकानातून घ्यायचे तर कल्याण, नाहीतर मुंबईचा लॅमिंग्टन रोड. शहापूरकर आसनगावला लोकल पकडून दादरला उतरतो आणि गाडी बदलून ग्रँट रोडला जातो. मुरबाडला रेल्वेच नाही, त्यामुळे तिथल्या माणसाला आधी एसटीने कल्याण गाठावे लागते. परतीच्या गर्दीत ते खोके मांडीवर धरून बसायला मिळाले तर नशीब, नाहीतर ते डोक्यावर धरून उभे राहायचे. शेजारचा प्रवासी हमखास विचारतो, “मिक्सर का?”

बसवण्याचे काम एका संध्याकाळचे असते असे माहितीपत्रकात चित्रांवरून वाटते. माहितीपत्रकात शब्द जवळजवळ नसतात, फक्त बाण असतात. इंटेल आणि एएमडी दोन्हींचे स्क्रू एकाच पिशवीत येतात. त्यातले निम्मे शेवटी उरतात आणि ते उरायचेच होते की नाही हे कोणालाच सांगता येत नाही. दोन पंख्यांचा २४० मिलिमीटरचा रेडिएटर कॅबिनेटच्या छताला बसेल असे दुकानदाराने सांगितलेले असते. तो बसतोही, पण रॅमच्या उंच कड्यांवर टेकतो. मग रेडिएटर पुढे येतो, पुढचे पंखे मागे जातात आणि मागचा पंखा कुठे जायचा हे ठरेपर्यंत लाइट जाते. उरलेले काम मोबाइलच्या टॉर्चवर होते. टॉर्च धरायला धाकटी बहीण असते आणि ती तो नेमका कॅबिनेटच्या बाहेर धरते.

दोन चुका तर ठरलेल्याच. तांब्याच्या तळावर पारदर्शक प्लास्टिकचे संरक्षक कातडे असते. ते काढायचे राहून जाते. पंप फिरतो, दिवे लागतात, संगणक सुरू होतो आणि थोड्याच वेळात प्रोसेसर शंभर अंशांला टेकून आपोआप मंदावतो. दुसरी चूक दिव्यांच्या वायरची. पाच व्होल्टच्या तीन पिनांचा आणि बारा व्होल्टच्या चार पिनांचा असे दोन जोड असतात. पाच व्होल्टचे दिवे जोर करून बारावर बसवले की ते एकदाच, पण फार सुंदर पेटतात.

याखेरीज एक त्रास असा आहे की तो लोक वर्षानुवर्षे बिनतक्रार सोसतात. मदरबोर्डला प्रोसेसरच्या पंख्याची तार ठरावीक जागी जोडलेली लागते. लिक्विडचे पंखे आणि पंप दुसरीकडे कुठेतरी जोडले गेले, की संगणक सुरू होताना काळ्या पडद्यावर ‘सीपीयू फॅन एरर, एफ१ दाबा’ असा मजकूर उमटतो. ही तार योग्य जागी लावायला दोन मिनिटे पुरतात. तसे न करता मालक रोज सकाळी एफ१ दाबतो, पुढे घरातली इतर माणसेही दाबू लागतात आणि थोड्याच दिवसांत संगणक असाच सुरू होतो अशी सर्वांची समजूत होते.

आता मुख्य मुद्दा, म्हणजे थंडावा. माठातले पाणी खोलीतल्या हवेपेक्षा गार होते, कारण माठ पाझरतो आणि बाहेर आलेले पाणी वाफ होऊन जाताना आतली उष्णता घेऊन जाते. संगणकातले पाणी सीलबंद असते, ते पाझरत नाही. निदान पाझरू नये अशी अपेक्षा असते. म्हणून ते खोलीतल्या हवेपेक्षा कधीही गार होऊ शकत नाही. खोलीत ४० अंश असतील तर भाराखाली पाणी ५०च्या आसपास जाते आणि प्रोसेसर त्याच्याही कितीतरी वर. परीक्षणांतले आकडे वातानुकूलित खोलीतले, वीस-पंचवीस अंशांचे असतात. त्या आकड्यांत पंधरा-वीस अंश मिळवले की मुरबाडच्या माळ्यावरचा आकडा मिळतो. पाण्याचे तापमान साठच्या खाली असावे, असे साधारणपणे कंपन्या सांगतात; पत्र्याखाली मेमध्ये हे अंतर फार उरत नाही.

शिवाय पाणी तापायला वेळ लागतो आणि या गुणानेच गिऱ्हाईक फसते. नवा संच लावून भार टाकला की पहिली दहा-पंधरा मिनिटे आकडे फारच गोड दिसतात. त्यांचे फोटो काढून मित्रांना पाठवले जातात. पाणी तोवर उष्णता नुसती पोटात साठवत असते. पोट भरले की उष्णता बाहेर टाकायचे काम शेवटी रेडिएटर आणि पंख्यांवरच येते आणि तिथे लिक्विड व चांगला हवेचा कूलर यांत फरक थोडाच राहतो. हळदीचे रेंडरिंग तीन तासांचे असते. फोटो त्या पहिल्या पंधरा मिनिटांतला असतो.

त्यातही बहुसंख्य घरगुती प्रोसेसर या थाटाची गरज असणारे नसतातच. रायझेन ५ ५६०० किंवा इंटेलचा आय५ १२४०० हे ६५ वॅटचे प्रोसेसर आहेत आणि दोन्हींच्या खोक्यात पंखा फुकट येतो. २५० वॅटपर्यंत खेचणाऱ्या आय९ १४९००के सारख्या प्रोसेसरसाठी लिक्विड समजण्यासारखे आहे. पण तो घेणारा माणूस पाच हजारांचा संच घेत नाही. पाच हजारांचा संच घेणाऱ्याकडे ६५ वॅटचा प्रोसेसर आणि काचेचा कॅबिनेट असतो. खरे कारण ती काचच आहे. काचेतून आतले दिसते आणि हवेचा जाडजूड कूलर दिसायला ओबडधोबड असतो.

उन्हाळ्यावरचा उपाय प्रत्येक घरात स्वतंत्रपणे शोधला जातो आणि तो सगळीकडे एकच निघतो: वाळ्याच्या किंवा गवताच्या जाळीचा कूलर संगणकाच्या समोर आणून ठेवणे. तो माठाच्याच तत्त्वावर चालत असल्याने खोलीची हवा खरोखर गार करतो, निदान एप्रिलच्या कोरड्या दुपारी. मेअखेरीस हवा दमट झाली की तोही नुसता वारा घालतो. प्रोसेसरचे तापमान उतरते आणि लिक्विडचे नाव होते. फक्त हा दुसरा कूलर दिवसाकाठी दोन-तीन हंडे पाणी पितो. म्हणजे ज्या पाण्याबद्दल आईला खात्री दिलेली असते की ते लागणार नाही, तेच पाणी बादलीने माळ्यावर चढू लागते. वडिलांच्या प्रश्नाचे उत्तर इथे मिळते: टँकरचे चालते.

पावसाळी भातशेतीच्या या मुलखात उरलेल्या आठ महिन्यांत धूळ भरपूर असते. दिवाळीनंतर वीटभट्ट्या पेटतात त्या पावसाच्या तोंडापर्यंत, त्यांची राख. झोडणीच्या दिवसांत भाताचा कोंडा. महामार्गालगतच्या घरांत ट्रकांनी उडवलेली माती. रेडिएटरच्या पात्या एकमेकींना चिकटून असतात आणि पंखे सगळी धूळ त्यांच्यातच कोंबतात. काही महिन्यांत पंखे आणि पात्या यांच्यामध्ये राखाडी रंगाची जाडसर गादी तयार होते. बाहेरून ती दिसत नाही, कारण पंखा तिच्यावरच बसलेला असतो. कळते ते आवाज वाढल्यावर. पंखे काढून ब्रशने झटकणे हा सोपा उपाय आहे. सायकलच्या दुकानातल्या हवेच्या पाइपने फुंकणे हा त्याहून सोपा, पण त्या हवेबरोबर हवेच्या टाकीतले पाणीही उडते.

दसऱ्याला संगणकाची पूजा होते. हळदकुंकू, झेंडू, आपट्याची पाने आणि अक्षता छताच्या जाळीवरच वाहिल्या जातात, कारण सपाट जागा तेवढीच असते. छताला रेडिएटर असेल तर पाने त्याचा वारा अडवतात आणि तांदळाचे दाणे पंख्यात उतरून दिवाळीपर्यंत टिकटिकतात. अशा वेळी पंखा उघडून दाणे काढायला घरात कोणी धजत नाही.

पुढची तक्रार आवाजाची. रबरी नळी सीलबंद दिसली तरी तिच्यातून पाण्याची वाफ अत्यंत सावकाश निसटत असते आणि उष्णतेत हा वेग वाढतो. दोन-तीन उन्हाळे काढल्यावर आतले पाणी कमी होते आणि त्या जागी हवा साचते. हवा नेहमी सर्वांत उंच जागी जाते. ती जागा रेडिएटरच्या टाकीचा वरचा कोपरा असेल तर कोणाला पत्ताही लागत नाही. पण रेडिएटर पंपापेक्षा खाली बसवला असेल, तर हवा थेट पंपात शिरते. मग संगणक सुरू करताच आत गुडगुड ऐकू येते. शेतकऱ्याच्या कानाला हा आवाज ओळखीचा असतो. नदीवरची मोटार हवा धरते तेव्हा ती असाच आवाज करते आणि मोटारीच्या बाबतीत त्यावर उपायही असतो: फुटबॉल म्हणजे फुटव्हॉल्व्ह बघायचा, पाइपात पाणी ओतायचे, पुन्हा चालू करायची. संगणकासमोर उभे राहून वडील हेच सुचवतात. त्यांचे निदान शंभर टक्के बरोबर असते, फक्त ओतायला तोंड नसते.

तरीही काही लोक तोंड करतात. स्क्रू उघडून आत पाणी भरायचे तर ते कुठले, हा प्रश्न घरातल्या इन्व्हर्टरमुळे सुटतो. बॅटरीचे पाणी बाटलीत पडूनच असते. ते शुद्ध असते हे खरे, पण कारखान्याच्या द्रवात ग्लायकोल, गंजरोधक आणि शेवाळ मारणारे रसायन मिसळलेले असते. ते पातळ झाले की तांबे आणि ॲल्युमिनियम हे दोन धातू एकाच पाण्यात राहून आपापसांत झिजू लागतात. तांब्याच्या तळावर केसासारखे बारीक चर कोरलेले असतात. झिजेचा गाळ नेमका तिथे अडकतो. पंप फिरत असतो, नळ्या थरथरतात आणि पाणी कुठेच जात नाही. अशी योजना कागदावर चालूच धरली जाते.

गळती प्रत्यक्षात क्वचित होते, भीती मात्र कायम असते. गळला तर द्रव ग्राफिक्स कार्डावर पडतो, कारण ते बरोबर खाली असते आणि संगणकातली बहुधा सर्वांत महाग वस्तू तीच असते. काही कंपन्या गळतीने झालेले नुकसान भरून देतात. त्यासाठी बिल, मूळ खोके आणि संयम तिन्ही लागतात. खोके बहुतेक घरांत तोवर तांदळाच्या कणगीमागे गेलेले असते किंवा त्यात कोंबडी खुडूक बसलेली असते. नळीच्या जोडाला एमसील लावून पाहणारेही आहेत. एमसील टिकते; वॉरंटी त्याच क्षणी जाते. सेवाकेंद्रात संच पाठवला, की बदली संच येईपर्यंत संगणक बंद राहतो. ते दिवस लग्नसराईचे असले तर वधूपक्ष वॉरंटीच्या अटी ऐकून घेत नाही. म्हणून खोक्यातला फुकटचा पंखा, जो हसून बाजूला ठेवलेला असतो, तो शोधून पुन्हा बसवला जातो आणि ६५ वॅटच्या प्रोसेसरवर तो बिनबोभाट काम करतो.

सरळ पर्याय म्हणजे दोनेक हजारांचा हवेचा कूलर: तांब्याच्या चार-पाच नळ्या, ॲल्युमिनियमच्या पात्या, एक पंखा. गंमत अशी की त्या नळ्यांतही पाण्यासारखा थोडा द्रव असतो, तो तळाशी वाफ होतो आणि वर जाऊन पुन्हा द्रव होतो. म्हणजे पंपाशिवायचे वॉटर कूलिंग तिथे आधीपासूनच असते आणि त्याची जाहिरात कोणी करत नाही. त्यात बिघडण्यासारखा एकच भाग, पंखा, आणि तो चार-पाचशे रुपयांत कल्याणला मिळतो. त्याला काचेतून पाहण्यासारखे काही नसते, हा दोष मान्य करावा लागतो.

निकामी झालेला लिक्विडचा संच वाया जात नाही. रेडिएटर ॲल्युमिनियमच्या भावाने भंगारात जातो. तांब्याचा तळ भंगारवाला वेगळा तोलायला पाहतो आणि मालकाने तो आधीच काढून ठेवला असेल तर तोंड वाकडे करतो. पंखे मात्र धडधाकट असतात आणि बारा व्होल्टवर चालत असल्याने जुन्या राउटरचा अडॅप्टर त्यांना पुरतो. एक इन्व्हर्टरच्या मागे लागतो. दुसऱ्याचे दिवे पंख्याच्याच तारेवर पेटणारे असतील, तर तो भाद्रपदात मखरात गणपतीच्या डोक्यामागे चक्र म्हणून फिरतो आणि दीड दिवसाने खोक्यात परत जातो.